कोंबडीच्या गळ्यातली पिशवी

कोंबडीला दात नाहीत. ती जोंधळा चावत नाही, गिळते. दाणा टिपला की तो गळ्याखाली उतरलाच. मग तो दळला कोठे जातो?

ज्यांनी घरी कोंबडी साफ केली आहे, त्यांना हे पाहून ठाऊक आहे. मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, जरा उजव्या अंगाला एक पातळ कातड्याची पिशवी असते. तिच्यात दाणे जसेच्या तसे सापडतात. आणखी खाली, पोटात, जाड लाल मांसाचा एक गोळा असतो. तो चिरला की आत बारीक खडे निघतात. पिशवी ही कोंबडीची कणगी. गोळा हे तिचे जाते. कणगीत दाणा भरायचा, पाण्याने भिजवायचा, आणि जात्याला लागेल तसा थोडा थोडा खाली सोडायचा. वाटेत आणखी एक लहान पोट आहे. तिथे दाण्यात आंबट रस मिसळतो. जात्यातले खडे हेच तिचे दात.

या पिशवीला गावोगावी निरनिराळी नावे आहेत. या धड्यात आम्ही तिला दाण्याची पिशवी म्हणू.

निसर्गाने ही सोय का केली असेल? रानातल्या पाखराला उघड्यावर फार वेळ थांबता येत नाही. वर घार असते, झुडपात मुंगूस असते. म्हणून भराभर टिपायचे, पिशवी भरायची, आणि मग आडोशाला बसून सावकाश पचवायचे. कबुतराची पिशवी तर आणखी नवलाची आहे. पिले लहान असतात तेव्हा तिच्या आतल्या कातडीतून दह्यासारखा घट्ट पदार्थ सुटतो आणि नर-मादी दोघेही तो पिलांना भरवतात. कोंबडीला ते जमत नाही. कोंबडीची पिले पहिल्या दिवसापासून आपली आपण टिपतात.

आता कामाचे बोलू. दाण्याची पिशवी तुंबली तर कोंबडी मरते. ती एका दिवसात मरत नाही. आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस वाळत जाते. घरची बाई म्हणते, हिला काहीतरी लागले. कोणी म्हणतो, नजर लागली. शेवटी तिला कापतात, नाहीतर ती खुराड्यात मरून पडते. अंड्यांचे पैसे हे पुष्कळ घरांत बाईच्या हातचे पैसे असतात. त्यातून मीठ-मिरची येते, पोराची वही येते. चार कोंबड्यांतली एक गेली तर पाव संसार गेला. आणि यातल्या बऱ्याच कोंबड्या वाचवता येतात. त्यासाठी पैसा लागत नाही. हात लागतो, तोही वेळेवर.

सकाळचा हात, संध्याकाळचा हात

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेकीला धरा. अंधारात कोंबडी गरीब होते, फडफड करत नाही. पंख मिटवून तिला काखेत घ्या. तिचे तोंड पुढे ठेवा. दुसऱ्या हाताची बोटे मानेच्या बुडाशी खालून लावा. दाबू नका, नुसते चाचपा. दिवसभर चरलेल्या कोंबडीची पिशवी भरलेली लागते. कोणाची लिंबाएवढी, कोणाची त्याहून मोठी. बोटांना दाणे कळतात, पण पिशवी मऊ असते. भिजलेल्या डाळीचे गाठोडे धरावे तशी ती लागते.

दुसऱ्या दिवशी झापड उघडण्याआधी, दाणा टाकण्याआधी, पुन्हा हात लावा. आता पिशवी रिकामी हवी. बोटांना नुसती सैल कातडी लागली पाहिजे. रात्रीत दाणा खाली उतरला, जाते चालले, सगळे ठीक आहे.

संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी, ही निरोगी कोंबडी. उलटे झाले तर समजावे की काहीतरी बिघडले. संध्याकाळी पिशवी रिकामी असेल तर ती दिवसभर खातच नाही. एकतर ती आजारी आहे किंवा दुसऱ्या कोंबड्या तिला दाण्यावर येऊ देत नाहीत. सकाळी पिशवी भरलेली असेल तर खाल्लेले खाली जात नाही. खुडूक कोंबडीला मात्र हा नियम लावू नका. ती अंड्यांवरून बहुधा दिवसातून एकदाच उठते, घाईने पोटभर खाते आणि परत बसते. तिची पिशवी कोणत्याही वेळी भरलेली असू शकते.

रोज सगळ्या कोंबड्या चाचपा असे आम्ही म्हणत नाही. तेवढा वेळ कोणाला आहे? पण जी कोंबडी गप्प दिसते, पिसे फुलवून कोपऱ्यात उभी राहते, किंवा धरली तर हलकी लागते, तिला तरी सकाळी हात लावाच. छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला टोचले तर ती बरेच दिवस उपाशी आहे असे समजा, मग ती तुमच्या डोळ्यांपुढे दाणे टिपत का असेना.

हीच गोष्ट पुष्कळांना चकवते. एखाद्या घरी सासू-सुनेचे बोलणे असे चालते:

“आत्याबाई, ही तांबडी बघा की. दाणं तर टिपतीया, पण वाळून काडी झालीया.”

“टिपतीया का नुसती चोच मारतीया?”

“टिपतीया. पाणीबी लई पितीया.”

“मग खाल्ल्यालं जातंय कुठं? सकाळच्याला तिच्या गळ्याखाली हात घालून बघ, पोरी. दाणं टाकायच्या आधी बघ. नंतर बघून काय उपेग न्हाई.”

आत्याबाईंनी बरोबर विचारले. खाल्लेले जाते कोठे? सकाळी हात लावला की तीनपैकी एक गोष्ट कळते. पिशवी दगडासारखी घट्ट असते, किंवा पाण्याच्या फुग्यासारखी डचमळते, किंवा खाली लोंबते. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एकीचा उपाय दुसरीला केला तर कोंबडी हातची जाते.

घट्ट पिशवी

सकाळी पिशवी चेंडूसारखी टणक लागली तर ती तुंबली आहे. आत काय असते? लांब वाळलेले गवत, कडब्याची पात, गोणपाटाचा धागा, सुतळीचा तुकडा, बाईच्या डोक्याचे केस, प्लॅस्टिकच्या पिशवीचा चिंधडा. हे सारे एकमेकांत गुंततात आणि दोरखंडासारखा बोळा होतो. खाली उतरायची वाट बारीक. बोळा तिथे बुचासारखा बसतो. मग वरून दाणा आला तरी तो तिथेच अडकतो.

कधी नुसत्या दाण्यानेही पिशवी तुंबते. कोंबड्या दोन दिवस उपाशी राहिल्या आणि मग समोर पायलीभर कोरडे धान्य सांडले, तर त्या मरमर खातात. धान्य पाण्याने फुगते. पिशवी ताणते आणि थकते. कोंबडी सदा कोंडलेली असेल, तिला खडे मिळत नसतील, तर जाते दळत नाही. जाते थांबले की मागची कणगीही अडते.

उपाय करताना पहिले काम असे की तिला वेगळी ठेवा. डालग्याखाली सावलीत ठेवा. खाली पेंढा घालू नका. तोच पेंढा ती खाईल. गोणपाटही नको. फळी किंवा फरशी बरी. दाणा बंद करा, पण पाणी समोर असू द्या. एक दिवसाहून अधिक उपास पाडू नका. कोंबडी लहान जीव आहे, तिला फार उपास सोसत नाही.

मग थोडे तेल. खोबरेल किंवा गोडेतेल, लहान चमचाभर पुरे. आता नीट ध्यान द्या, कारण इथेच घात होतो. कोंबडीची जीभ संपते तिथेच तिच्या श्वासनळीचे तोंड उघडे असते. चोच उघडून तेल ओतले तर ते फुप्फुसात जाते. कोंबडी तिथल्या तिथे तडफडून मरते, नाहीतर चार दिवसांनी छाती भरून मरते. म्हणून ओतायचे नाही. भाकरीचा मऊ चुरा तेलात भिजवून समोर ठेवावा. तिने आपण होऊन खाल्ला तर सर्वांत उत्तम. खाल्ला नाही तर चोचीच्या कडेला एक थेंब लावावा, तिने गिळला की दुसरा. मान वर ओढून धरू नये. घाई असेल त्या माणसाने हे काम करूच नये.

तेल गेल्यावर थोड्या वेळाने पिशवी चोळा. कणीक मळताना देतो त्याच्या निम्माही जोर नको. बोटांनी गोल गोल फिरवत बोळा सैल करायचा. तोंडाकडे ढकलायचा नाही. पाचेक मिनिटे चोळा, मग तिला विसावा द्या. दिवसातून तीन-चार वेळा असे करा. संध्याकाळपर्यंत पिशवी जरा मऊ लागली तर जिंकलात असे समजा. दुसऱ्या दिवशी मऊ भात, पाण्यात भिजवलेली भाकरी, उकडलेल्या अंड्याचा चुरा, असे थोडे थोडे द्या. अख्खे दाणे तीन-चार दिवस नकोत.

दुसऱ्या दिवशीही पिशवी तशीच टणक असेल तर अधिक चोळत बसू नका. सुतळीचा बोळा तेलाने विरघळत नाही. अशा कोंबडीला जनावरांच्या दवाखान्यात न्या. डॉक्टर त्या जागेला बधीर करतात, पिशवीला लहान छेद घेतात, बोळा काढतात आणि टाके घालतात. आधी पिशवीचे टाके, मग वरच्या कातडीचे, असे दोन थर शिवावे लागतात. वेळेवर केले तर कोंबडी बरी होते. काही ठिकाणी हेच काम घरी दाढीच्या पात्याने करतात आणि गोधडीच्या दोऱ्याने शिवतात. एखादी कोंबडी त्यातूनही जगते, आणि तिचीच गोष्ट गावभर होते. मेलेल्या दहांची गोष्ट कोणी सांगत नाही.

डचमळणारी पिशवी

दुसरी तऱ्हा वेगळी. पिशवी मोठी आहे पण टणक नाही. हाताला पाण्याच्या फुग्यासारखी लागते. कोंबडीचे तोंड हुंगले तर आंबट घाण वास येतो. शिळे पीठ उन्हाळ्यात फसफसावे तसा. मान खाली केली की चोचीतून पाणी गळते. हिची पिशवी आंबली आहे.

पीठ आंबते ते बारीक जंतूंमुळे, हे आता आपण जाणतो. तशाच जातीची एक बुरशी कोंबडीच्या पिशवीत वाढते. पिशवी आतून पाहिली तर कातडीवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात. ही बुरशी थोडी थोडी नेहमीच असते. कोंबडी धडधाकट असली की ती दबून राहते. पाणी घाण असले, दाणा बुरसटलेला असला, कोंबडी दुसऱ्या कशाने अशक्त झाली, की ती माजते. घट्ट पिशवीकडे दुर्लक्ष केले तर पुढे तीच आंबते. आणखी एक कारण माणसानेच आणलेले आहे. कोंबडी जरा गप्प दिसली की दुकानातून जंतू मारायची गोळी आणून पाण्यात घालतात. आठ-आठ दिवस घालतात. त्या गोळीने चांगले जंतू मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते.

अशा कोंबडीला पाय धरून उलटी टांगायची आणि पिशवी पिळून पाणी काढायचे, ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे. बाहेर येणारे पाणी श्वासनळीच्या उघड्या तोंडावरूनच येते. त्यातले चार थेंब आत गेले की झाले. पिशवी रिकामी करायची तर डॉक्टर नळी घालून करतात. ते काम त्यांचे.

तुम्ही काय करावे? तिला वेगळी ठेवा. अर्धा ते एक दिवस दाणा बंद. स्वच्छ पाणी दिवसातून तीनदा बदला आणि भांडे घासून ठेवा. गूळपाणी देऊ नका. अशक्त जिवाला गूळ द्यावा असे आपल्या मनात येते, पण बुरशीला गोड फार आवडते. तेलही इथे नको. मोरचुदाचे पाणी पाजण्याचा जुना उपाय आहे. मोरचूद हे विष आहे. माप जरा चुकले तर बुरशीआधी कोंबडी जाते. म्हणून डॉक्टरांनी माप सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नका. बुरशी मारणारे औषध निराळे मिळते, ते डॉक्टरांकडूनच घ्या. घेताना एक विचारून ठेवा, ही अंडी किती दिवस खायची नाहीत? औषधाचा अंश अंड्यात उतरतो.

रॉकेल पाजणे, तंबाखूचे पाणी पाजणे, मानेवर डाग देणे, यांविषयी आम्ही एवढेच म्हणू की ज्याला हे उपाय सुचतात त्याने ते आधी आपल्या गळ्यावर करून पाहावेत.

पिशवीचा दोष नाही असे कधी समजावे?

एका कोंबडीची पिशवी बिघडते तेव्हा बाकीच्या ठणठणीत असतात. दोन-चार दिवसांत तीन-चार कोंबड्या बसल्या तर पिशवी सोडा, दुसरीकडे पाहा. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडून धापा टाकणे, मान पिळवटणे, पंख लुळे पडणे, ही मानमोडीची लक्षणे आहेत. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत या गावावरून तिला राणीखेतही म्हणतात. या रोगातही चोचीतून चिकट पाणी येते, म्हणून माणूस फसतो. मानमोडी झाल्यावर औषध नाही. आधी लस टोचून घेणे हाच इलाज. पिलांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब घालतात, आणि साधारण दोन महिन्यांची झाली की टोचतात. लस थंडीत ठेवावी लागते. उन्हातान्हातून खिशात घालून आणलेली लस म्हणजे नुसते पाणी.

पेरणीच्या दिवसांत आणखी एक पाहावे. औषध चोळलेले बियाणे लाल, गुलाबी किंवा निळ्या रंगाचे असते. पाभर ओढताना ते बांधावर सांडते, पोते ओसरीवर झटकतात. कोंबड्या ते टिपतात. मग एकदम चार-पाच कोंबड्या लाळ गाळतात, थरथरतात, आडव्या होतात. पिशवीत रंगीत दाणे सापडतात. अशी कोंबडी कापून खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये.

आणि खुराडीच्या खुराडी एकाएकी मरू लागली तर मेलेल्या पाखरांना उघड्या हातांनी धरू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागात कोंबड्या अशाच मरू लागल्या. तपासात बर्ड फ्लू निघाला. तो भारतात कोंबड्यांत पहिल्यांदाच आढळला होता. साथ पसरू नये म्हणून त्या भागातल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. जनावरांच्या डॉक्टरला बोलावण्यासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत. ग्रामपंचायतीतही कळवा. लपवून बाजारात कोंबड्या विकल्या तर रोग शेजारच्या गावाला जातो.

पिशवी बिघडू नये म्हणून

अंगणातली सुतळी, केस, प्लॅस्टिक उचलणे हे पोरांचे काम करा. पोरे ते खेळासारखे करतात. केस विंचरल्यावर गुंता चुलीत टाकावा, उंबऱ्याबाहेर फेकू नये. कोंडलेल्या कोंबडीला ओला चारा घालायचा तर विळ्याने बोटाच्या पेराएवढा बारीक कापून घाला. मोकळी चरणारी कोंबडी जिवंत गवताची टोके खुडते, तिला त्याचे काही होत नाही. कापून टाकलेले लांब गवत मात्र ती अख्खे गिळते.

खडे द्या. ओढ्याची जाडी वाळू, मुगाएवढे खडे, एका करवंटीत ठेवले की पुरे. कोंबडी आपल्या गरजेने उचलते. काही जण म्हणतात, आम्ही शिंपल्याचा चुरा घालतो, मग खडे कशाला? शिंपला अंड्याच्या टरफलासाठी. तो पोटातल्या आंबट रसात विरघळून जातो. त्याने दळण होत नाही. दोन्ही हवेत.

पावसाळ्यात मका, भुईमुगाची पेंड, ओल लागलेली बाजरी यांवर काळी-हिरवी बुरशी येते. आपल्याला नको ते कोंबडीला, अशी आपली सवय आहे. बुरशी आलेले धान्य मात्र कोंबडीलाही नको. ते धुऊन वाळवले तरी त्यातले विष जात नाही. ते उकिरड्यात पुरून टाका, वर टाकू नका. वर टाकलेले पहिल्यांदा कोंबडीच शोधते.

लोंबती पिशवी

तिसरी तऱ्हा शेवटी ठेवली, कारण तिला इलाज थोडा. पिशवी ताणून ताणून सैल होते आणि कोंबडीच्या छातीपुढे झोळीसारखी लोंबू लागते. चालताना हलते. कधी तुंबलेल्या पिशवीने असे होते, कधी कडक उन्हाळ्यात फार पाणी पिऊन होते, आणि काही कोंबड्यांच्या रक्तातच तो कच्चेपणा असतो. एकदा सैल झालेली पिशवी सहसा पुन्हा आवळत नाही. तरी अशी कोंबडी लगेच मरते असे नाही. तिला एका वेळी थोडे खाणे द्या, दिवसातून चार वेळा, भिजवलेले आणि मऊ. ती अंडी देत असेल तर ती खायला किंवा विकायला हरकत नाही. खुडकीखाली उबवायला मात्र तिची अंडी ठेवू नका. पिलांतही तोच दोष उतरण्याचा संभव असतो. उबवणीसाठी जिची पिशवी रोज सकाळी रिकामी लागते, तिची अंडी वेगळ्या टोपलीत काढून ठेवा.